गाण्याचा आवाज वाढवू नका, ड्रमचा उतरवा

पत्र: वय ४४, कोल्हापूर. अलीकडेच पाच नगांचा ड्रमसेट घेतला आणि गच्चीवरच्या १० बाय १२ फुटांच्या खोलीत मांडला. क्लासमधले ठेके जमतात, पण खरी हौस गाण्याबरोबर वाजवायची आहे. साठ-सत्तरच्या दशकातली हिंदी गाणी आणि अलीकडची मराठी. मोबाइलवर गाणं लावतो, कानात ब्लूटूथ इअरबड्स, आवाज पूर्ण. तरी मुखडा कसाबसा ऐकू येतो, अंतऱ्यात गाणं गायब होतं आणि समेवर येताना मी भलतीकडेच असतो. उठल्यावर कानांना दडे बसतात, रात्रीपर्यंत शिट्टी वाजत राहते. एक मित्र म्हणतो मोठा स्पीकर घे, दुसरा म्हणतो नॉइज कॅन्सलिंग हेडफोन घे. सर म्हणतात, ब्लूटूथचा आवाज उशिरा येतो म्हणून तू चुकतोस. नेमकं काय करू? बजेट बेताचं आहे. शिवाय कानावर जाड काही घातलं की घामाच्या धारा लागतात.

उत्तर:

स्पीकर आणू नका. नॉइज कॅन्सलिंगचाही नाद सोडा. ब्लूटूथबद्दल सरांचं म्हणणं तुमच्या बाबतीत लागू होत नाही, त्याकडे पुढे येऊ. आणि कानात शिट्टी वाजत असताना पुन्हा ड्रमवर बसू नका. शिट्टी पूर्ण थांबेपर्यंत सेटला हात लावायचा नाही.

बंद खोलीत जोरात वाजणाऱ्या ड्रमसेटचा आवाज वाजवणाऱ्याच्या कानाशी साधारण १०० ते ११० डेसिबल असतो, रिमशॉटचा (कातडं आणि कडा एकदम मारण्याचा) किंवा क्रॅश झांजेचा क्षणिक फटका त्याहूनही वर जातो. हिशेबापुरते १०५ धरू. कानात नुसते अडकवलेले बड्स यातला जेमतेम काही डेसिबल आवाज अडवतात. म्हणजे गाणं ऐकू यायचं तर तेही १०५ च्या आसपास न्यावं लागतं. दोन सारखे आवाज एकत्र आले की ३ डेसिबलची भर पडते, बेरीज १०८. कानाच्या सुरक्षेसाठी अमेरिकेतली ‘नायॉश’ ही संस्था जे कोष्टक वापरते त्यात ८५ डेसिबल आठ तास चालतात आणि पुढे दर ३ डेसिबलला वेळ निम्मा होतो: ९१ ला दोन तास, १०० ला पंधरा मिनिटं. १०८ ला अडीच मिनिटंसुद्धा मिळत नाहीत. एक गाणं संपायच्या आत दिवसभराचा कोटा संपला. मोठा स्पीकर आणलात तरी हीच शर्यत, फक्त तिच्यात शेजारीही ओढले जातील.

आता उलटा हिशेब करा. कानावर असं काही चढवलं की ड्रमचे प्रत्यक्षात २० डेसिबल अडले, तर आत ८५ उरतात. गाणं त्याच्या ३ डेसिबल वर, ८८ ला ठेवलं की स्वच्छ ऐकू येतं. बेरीज ९० च्या आत, दोन-अडीच तासांची मुभा. गाणं तेच, सेट तोच, हातही तेच. म्हणून पैसे, वेळ आणि डोकं सगळं बाहेरचा आवाज अडवण्यावर आणि मुळात कमी करण्यावर खर्च करायचं. आवाजाचं बटण सगळ्यात शेवटी.

आधी फुकटातले उपाय. तुमच्या गाण्याचा सगळ्यात मोठा शत्रू बहुधा अर्धवट उघडी हाय-हॅट, म्हणजे पायाने उघडझाप होणारी झांजांची जोडी, आहे. स्टिकच्या खांद्याने, म्हणजे टोकामागच्या जाड भागाने, झांजेच्या कडेवर मारत राहिलं की एक अखंड सळसळ सुरू होते आणि ती नेमकी त्याच पट्ट्यात पसरते जिथे गायकाच्या शब्दांची धार असते, २,००० ते ५,००० हर्ट्झ आणि वर. किकचा, म्हणजे पायाने वाजणाऱ्या मोठ्या ड्रमचा, ठोका क्षणात विझतो, ही सळसळ विझत नाही. हाय-हॅट पायाने घट्ट मिटा, स्टिकचं टोक वरच्या पृष्ठभागावर पडू द्या. अंतरा ऐकू यायला एवढ्यानेही फरक पडतो. क्रॅशवर ठेका धरून राहायची सवय असेल तर ती सराव होईपर्यंत राइड या मोठ्या झांजेवर न्या.

मग कापड. जुना सुती टी-शर्ट स्नेअरवर (समोरचा मुख्य ड्रम) आणि टॉमवर (बाकीचे ड्रम) ताणून घाला. किकच्या पोटात जुनी गोधडी किंवा उशी अशी ठेवा की ती दोन्ही कातड्यांना हलकी टेकेल. गच्च कोंबलीत तर पेडल परत उसळत नाही आणि पायाची सवय बिघडते. हाय-हॅटच्या दोन झांजांमध्ये टॉवेलची दोन बोटं रुंद पट्टी घाला. क्रॅश आणि राइडला खालच्या बाजूने कापडी टेपच्या तीन-चार पट्ट्या केंद्राकडून कडेकडे लावा. झांज मरगळल्यासारखी वाजेल. सरावापुरती वाजू द्या.

थोडे पैसे घालायचे असतील तर रबरी म्यूट पॅडचा संच मिळतो. मापं सेटची हवीत. स्नेअर बहुतेक १४ इंची असतो, पण टॉम १०-१२-१४ आहेत की १२-१३-१६ हे मोजूनच मागवा, कारण लहान पॅड कातड्यावर सरकतं आणि मोठं रिमवर चढून बसतं. याहून चांगला उपाय जाळीच्या कातड्यांचा आणि भोकं पाडलेल्या कमी आवाजाच्या झांजांचा. रेमोची सायलेंटस्ट्रोक ही जाळी, झिल्डजनच्या एल ८० या झांजा. या जोडीने आवाज इतका खाली येतो की साध्या हेडफोनवरही गाणं ऐकू येतं. पण जाळीवर स्टिक जरुरीपेक्षा जास्त उसळते. फक्त तिच्यावर वाजवत राहिलात तर खऱ्या कातड्यावर हात आळशी पडतो, म्हणून आठवड्यातून एखादा दिवस खरी कातडी ठेवावी. बारीक काड्यांची जुडी बांधलेले रॉड्स हा मधला मार्ग आहे. स्टिकपेक्षा आवाज बराच कमी, आणि जुन्या सिनेगीतांना ते शोभतातही.

खोलीला फोम चिकटवायचा विचार असेल तर थांबा. ड्रम तुमच्यापासून दोन-अडीच फुटांवर आहेत, कानावर येणारा बहुतेक आवाज भिंतीवरून आपटून येत नाही, थेट येतो. पातळ फोमने खोलीची खणखण कमी होईल, वाजवणाऱ्याच्या कानाशी दोन-तीन डेसिबलपलीकडे फरक पडणार नाही, आणि शेजाऱ्यांना तर काहीच नाही. अंड्यांचे ट्रे तर निव्वळ धूळ जमवतात. फरशीवर सेटखाली जाड सतरंजी किंवा गालिचा मात्र हवाच. तो सेट सरकू देत नाही आणि झांजांचा फरशीवरून परतणारा आवाजही थोडा खातो.

आता कानावर काय चढवायचं ते.

पहिला मार्ग, बंद पाठीचा (वाट्यांची बाहेरची बाजू बंद असलेला) आणि कान पूर्ण झाकणारा हेडफोन. सेनहायझर एचडी २८० प्रो (कंपनीच्या दाव्यानुसार ३२ डेसिबलपर्यंत आवाज अडवतो), खास ड्रमरांसाठीचा बायरडायनॅमिक डीटी ७७० एम (दावा ३५), किंवा व्हिक फर्थचे आवाज अडवणारे हेडफोन (दावा २५). हे आकडे प्रयोगशाळेतले आणि ज्या हर्ट्झला आवाज सर्वांत जास्त अडतो तिथले असतात. चष्मा, केस आणि डोक्यावरचा सैल पट्टा यांत बरंच गळतं, म्हणून वरच्या हिशेबात २० च धरले. घेताना एक चूक हमखास होते. डीटी ७७० याच नावाने ‘प्रो’ मालिकाही मिळते आणि तिच्यात २५० ओमचा, म्हणजे जास्त विद्युत रोधाचा, प्रकार आहे. तो मोबाइलला जड जातो, आवाज पूर्ण करूनही गाणं क्षीण राहतं. ‘एम’ ८० ओमचा आहे. मोबाइलवरून चालवायचं तर ८० ओमच्या आत राहा.

दुसरा मार्ग, तुमच्या बजेटला जास्त जुळणारा: फोमची टोकं असलेले वायरवाले इन-इअर आणि त्यांच्यावर कारखान्यात वापरतात तसे इअरमफ. इन-इअर शूर एसई २१५ सारखे असतील तर उत्तम, पण साध्या इन-इअरला चांगली फोम टोकं लावली तरी काम होतं. मफ थ्रीएम पेल्टर एक्स ५ ए किंवा त्याच तोडीचा, ज्याचं एनआरआर (आवाज किती अडतो त्याचं) रेटिंग ३१ आहे. मफच्या खोक्यावर हे रेटिंग छापलेलं नसेल तर घेऊ नका, बाजारात नुसत्या प्लॅस्टिकच्या वाट्याही मफ म्हणून विकल्या जातात. दोन्ही एकत्र घातले म्हणून ३० आणि ३० मिळून ६० होत नाहीत. दोघांतल्या वरचढ रेटिंगवर साधारण ५ डेसिबलची भर धरायची. त्यापुढे आवाज कवटीच्या हाडांतूनच आतल्या कानापर्यंत पोहोचतो आणि त्याला कुठलाच मफ अडवत नाही. तरी ही जोडी एकट्या हेडफोनपेक्षा सरस ठरते.

फोमचं टोक कानात नीट बसवणं हे निम्मं काम आहे, आणि इथेच बहुतेक जण फसतात. टोक बोटांत चुरडून बारीक करा. दुसरा हात डोक्यामागून घेऊन कानाचा वरचा भाग वर आणि मागे ओढा, टोक आत सरकवा आणि फुगेपर्यंत २०-३० सेकंद बोटाने धरून ठेवा. मग ओठ मिटून ‘हं’ असा सूर काढा. स्वतःचा आवाज डोक्यात घुमला तर टोक बसलं. नेहमीसारखाच ऐकू आला तर काढून पुन्हा बसवा. रबरी टोकं घामाने निसटतात, म्हणून ड्रमरला फोमच बरा. वायर कानाच्या वरून मागे घ्या, मफच्या गादीखालून एकाच जागी बाहेर काढा, शर्टाच्या आतून पाठीवरून खाली सोडा. समोरून लोंबणाऱ्या वायरीत स्टिक अडकतेच, आणि अडकते ती नेमकी मोठ्या फिलच्या, म्हणजे ठेका सोडून घेतलेल्या तुकड्याच्या, मध्यावर.

चष्म्याच्या जाड काड्या मफची गादी उचलून धरतात आणि त्या फटीतून किक आणि फ्लोअर टॉम आत येतात. सरावापुरता बारीक तारेच्या काड्यांचा चष्मा असेल तर तो वापरा. कापसाचे बोळे ढोल-ताशा पथकांत पुष्कळ दिसतात. त्यांच्यावर भिस्त ठेवू नका, ते जेमतेम काही डेसिबल अडवतात. एकाच कानावर हेडफोन ठेवून दुसरा उघडा ठेवायची सवयही वाईट. उघड्या कानाला पूर्ण मार बसतो, आणि गाणं एकाच कानाने ऐकायचं म्हणून झाकलेल्या कानातला आवाज आणखी चढवला जातो.

नॉइज कॅन्सलिंग का नको? ते तंत्र विमानाच्या किंवा बसच्या एकसुरी घुमघुमीसाठी आहे. बाहेरचा माइक आवाज ऐकतो आणि त्याच्या उलटा आवाज आत सोडतो. स्नेअरचा फटका इतका अचानक आणि इतका मोठा असतो की त्या चिमुकल्या माइकचीच मर्यादा ओलांडली जाते आणि आतमध्ये गाणं हेलकावे खायला लागतं. असा हेडफोन घरात असेलच तर ते बटण बंद करून, नुसता बंद पाठीचा हेडफोन म्हणून वापरा. बाहेरचं ऐकू देणारा किंवा बोलणं ओळखून आवाज आपोआप कमी करणारा पर्याय असेल तर तोही बंद. त्याला तुमचा स्नेअर म्हणजे कोणीतरी बोलतंय असं वाटू शकतं.

ब्लूटूथचा मुद्दा. आवाज उशिरा येतो हे खरंच. नेहमीच्या ब्लूटूथवर १५० ते २५० मिलिसेकंद सहज जातात. पण तुम्ही खऱ्या ड्रमवर वाजवताय आणि गाणं हा एकच आवाज ब्लूटूथवरून येतोय. तो सगळाच्या सगळा सारखाच मागे सरकलेला आहे. तुम्ही जे ऐकता त्याच्याबरोबर वाजवता, मोबाइल ते कधी पाठवतो याच्याशी तुमचा संबंध नाही. उशीर नडतो तो तीन ठिकाणी. मेट्रोनोम, म्हणजे ठरावीक लयीची टिकटिक, दुसऱ्या यंत्रातून येत असेल तर: मिनिटाला १२० ठोक्यांच्या लयीत एक ठोका ५०० मिलिसेकंदांचा असतो, २०० मिलिसेकंद म्हणजे जवळजवळ अर्धा ठोका चुकला. इलेक्ट्रॉनिक ड्रमचा स्वतःचा आवाज ब्लूटूथ हेडफोनवर ऐकत असाल तर वाजवणंच अशक्य होतं. आणि स्वतःचं रेकॉर्डिंग करून मूळ गाण्यावर बसवायचं असेल तर तुमचं वाजवणं तेवढंच मागे दिसतं. तुमचं चुकणं यांतल्या कशातच बसत नाही. अंतरा ऐकू येत नाही म्हणून तुम्ही चुकता. तरीही वायर बरी, कारण फोमची टोकं लावता येणारे, मफखाली मावणारे चांगले इन-इअर वायरचेच स्वस्तात मिळतात.

मोबाइलला गोल जॅक नसेल तर यूएसबी-सीचा तुकडा लागेल. तो डॅकवाला, म्हणजे फोनमधल्या डिजिटल गाण्याचं हेडफोनला चालणाऱ्या आवाजात रूपांतर करणारा, मागा. नुसता वायर जोडलेला साधा तुकडा बऱ्याच फोनवर आवाजच देत नाही आणि दुकानदार फोन खराब आहे म्हणून मोकळा होतो. सुरुवात करण्याआधी फोन विमान मोडवर टाका. पूर्ण सील केलेल्या कानात आलेली रिंगटोन भयानक लागते.

सगळं जमल्यावर एक नवीन तक्रार येईल, आत्ताच सांगून ठेवतो. ड्रम दूरचे आणि बोथट ऐकू येतात, झांजा तर जवळजवळ नाहीशा होतात, आणि मग नकळत हात जोरात पडायला लागतो. मनगटं दुखतात, सगळा खटाटोप पाण्यात. यावर उपाय म्हणजे एक माइक इनपुट आणि एक स्टिरिओ लाइन इनपुट असलेला लहान मिक्सर आणि एकच साधा डायनॅमिक माइक. माइक उजव्या खांद्याच्या वर, साधारण डोक्याच्या उंचीवर, स्नेअरकडे तोंड करून टांगा. मोबाइल ३.५ मिलिमीटर स्टिरिओ जॅक ते दोन मोठे मोनो जॅक अशा केबलने स्टिरिओ लाइनला. माइकच्या इनपुटला मोबाइल जोडू नका, आवाज फाटतो. हेडफोन मिक्सरच्या हेडफोन आउटला. तिथे मोठा जॅक लागतो, त्याचा कन्व्हर्टर स्टिरिओच घ्या. मोनो कन्व्हर्टरने एका कानातला आवाज जातो. आता सर्वांत जोरात वाजवा आणि माइकचा गेन (माइकचा आवाज किती वाढवून घ्यायचा ते बटण) क्लिपचा, म्हणजे आवाज फाटल्याचा, लाल दिवा लागणार नाही इतपत ठेवा. मग माइकची पातळी शून्यापासून चढवत न्या, स्वतःचा स्नेअर कुरकुरीत ऐकू आला की थांबा. एवढा थोडासा आवाज परत मिळाला की हात आपोआप हलका होतो. मिक्सरला जोडलेला मोबाइल चार्जरवर असेल तर घूं असा आवाज येऊ शकतो. चार्जर काढा, तो थांबेल. मिक्सरच्या प्लगची अर्थिंगची पिन मोडणं हा त्यावरचा उपाय नव्हे.

पातळी लावायची रीत ठरवून घ्या. गाण्याचा आवाज शून्यावर. कानात सगळं बसवा, मफ चढवा, गाणं सुरू करा आणि तुमचा सगळ्यात जोराचा भाग वाजवत वाजवत आवाज हळूहळू चढवा. गायकाचे शब्द कळायला लागले की बास. आता हात थांबवा आणि नुसतं गाणं ऐका. ते निवांत ऐकण्याइतकंच लागत असेल तर जुळलं. नुसतं गाणंच कर्कश वाटत असेल तर सील कुठेतरी गळतंय, आवाज कमी न करता आधी ती फट शोधा. जुळलेल्या जागी मिक्सरच्या बटणावर पेन्सिलीने खूण करा, मिक्सर नसेल तर मोबाइलवरची पातळी लक्षात ठेवा. हे करायचं कारण असं की वीस-पंचवीस मिनिटांनी कान थकतात, तेच गाणं हळू वाटायला लागतं आणि हात बटणाकडे जातो. कान बधिर होतायत म्हणून आवाज वाढवायचा आणि वाढवला म्हणून आणखी बधिर व्हायचे. खुणेच्या वर जायचं नाही. पाऊण तासाने दहा-पंधरा मिनिटं गप्प बसा.

आता तुमचा खास प्रश्न, अंतऱ्यात गाणं का हरवतं. आजची बहुतेक ध्वनिमुद्रणं दाबून एका पातळीला आणलेली असतात. पहिल्या सेकंदापासून शेवटपर्यंत आवाज जवळजवळ सारखा. साठ-सत्तरच्या दशकातली गाणी तशी नाहीत. मुखड्याआधी व्हायोलिनांचा ताफा येतो आणि अंतऱ्यात गायक, बासरी आणि मागे हलका ढोलक एवढंच उरतं, आवाज चांगलाच खाली येतो. त्यातली बरीच मोनो, म्हणजे दोन्ही कानांत एकच आवाज असलेली, आहेत, खालचा बासही आजच्याइतका भरलेला नाही. ड्रमखाली ती दबणारच.

यावर ऑडॅसिटी हा संगणकावरचा मोफत प्रोग्राम कामाला येतो. तुमच्याकडची गाण्याची फाइल त्यात उघडा. आधी ईक्यूमध्ये (जाड-बारीक आवाजाचे पट्टे वेगवेगळे वर-खाली करायची सोय) १०० हर्ट्झच्या खालचा भाग उतरवा. तो तसाही किकखाली दबतो आणि हेडफोनची ताकद खातो. २,००० ते ४,००० हर्ट्झला ३ डेसिबल चढवा, जास्त नको, नाहीतर कानाला टोचायला लागतं. बास गिटारबरोबर किक जुळवायचा असेल तर ८० हर्ट्झ वाढवून उपयोग नाही, ७०० ते १,००० हर्ट्झ थोडे वर घ्या. तिथे तारेवर पडणारं बोट ऐकू येतं आणि तुम्हाला तेच हवं असतं. मग कंप्रेसर, म्हणजे मोठा आवाज दाबून चढउतार कमी करणारी सोय: थ्रेशोल्ड उणे २० डेसिबल, रेशो ४ ला १. शेवटी नॉर्मलाइझ करून शिखर उणे १ डेसिबलला आणा. अंतरा वर येतो, मुखडा जागेवर राहतो. गाण्याच्या आधी दोन आवर्तनांची मोजणी जोडा. १०० च्या लयीत चार ठोक्यांच्या दोन आवर्तनांना ४.८ सेकंद लागतात, बटण दाबून स्टिक्स हातात घ्यायला तेवढे पुरतात.

एका मोहापासून मात्र दूर राहा. जुन्या गाण्यावर एकसुरी मेट्रोनोम चढवू नका. ती गाणी स्टुडिओत सगळ्यांनी एकत्र बसून, मेट्रोनोमच्या क्लिकशिवाय वाजवलेली आहेत. अंतऱ्याकडे लय किंचित बसते, शेवटाला चढते. क्लिक ठाम राहते, गाणं सरकतं आणि दोष तुम्ही स्वतःला देता. तिथे ढोलक किंवा ऱ्हिदम गिटारच तुमचा मेट्रोनोम.

अलीकडच्या गाण्यांसाठी मोइझेससारखी अॅप्स गायकाचा आवाज, बास आणि ड्रम वेगळे करून देतात. मूळ ड्रम पूर्ण काढून टाकावा असं वाटेल, पण ठेका पाठ होईपर्यंत तो अर्ध्यावर ठेवा, मग काढा. मूळ ड्रम आणि तुमचे ड्रम एकाच पट्ट्यात वाजतात, त्यामुळे आपण चुकलो की मूळ वादकानेच असं वाजवलं हेच कळत नाही. तो गेल्यावर गाण्यालाही जागा मोकळी होते. जुन्या मोनो गाण्यांवर या अॅप्सची भंबेरी उडते. तबला-ढोलक गायकाच्या ट्रॅकमध्ये झिरपतो आणि सगळं डळमळतं. तिथे कंप्रेसरचाच मार्ग चांगला.

कानाचं बोलायचं तर रात्रीपर्यंतची शिट्टी हा इशारा समजा. दुसऱ्या दिवशी सकाळीही ती वाजत असेल, एकाच कानात असेल किंवा ऐकू येणं कमी झालं असेल तर थांबू नका, ताबडतोब कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे जा. काही त्रास उरला नसला तरी एकदा प्युअर टोन ऑडिओमेट्री (वेगवेगळ्या सुरांवर ऐकण्याची तपासणी) करून घ्या आणि तपासणाऱ्याला ३,००० आणि ६,००० हर्ट्झही पाहायला सांगा. नेहमीच्या तपासणीत ते बऱ्याचदा वगळतात, आणि मोठ्या आवाजाने झालेला खड्डा पहिल्यांदा ३,००० ते ६,००० च्या दरम्यानच दिसतो. तो कागद जपून ठेवा, पुढच्या तपासणीशी ताडता येतो.

खरेदीचा क्रम असा: या आठवड्यात टी-शर्ट, गोधडी आणि टॉवेल. मग फोम टोकांचे इन-इअर आणि मफ. मिक्सर आणि माइक नंतर, हात जोरात पडतोय असं जाणवलं तरच. जाळी आणि झांजा सगळ्यात शेवटी.

उरला घाम. मफच्या गादीवर कापडी खोळ चढवू नका, तिच्यामुळे फट पडते आणि अडवलेला आवाज परत आत येतो. त्याऐवजी कपाळाला सुती पट्टी बांधा, पंखा पाठीमागून सोडा (समोरून सोडलात तर पातळ क्रॅश डोलत राहते) आणि दर दोन गाण्यांनी मफ उचलून कान पुसा. इन-इअर काढायची गरज नाही. वाजवून झाल्यावर गाद्या ओल्या कापडाने पुसून सावलीत वाळवा, स्पिरिटने त्यांचं आवरण तडकतं. दाबल्यावर गादी परत फुगत नसेल किंवा तिला भेगा दिसल्या तर बदला, चांगल्या मफच्या गाद्या सुट्या मिळतात. फोमची टोकं साबणाने धुवायची नाहीत. कडक झाली, किंवा चुरडल्यावर सावकाश फुगायचं सोडून लगेच ताठ झाली, की टाकून द्यायची.